मीटर शून्यावर आणणे

वीज स्वस्त करून घ्यायची असेल तर ती आधी भरपूर जाळावी लागते, हे मला कोणी वेळेवर सांगितलं असतं तर मी त्या भानगडीत पडलोच नसतो. पण सल्ला देणारे लोक सल्ल्याचा पहिला अर्धाच भाग देतात. उरलेला अर्धा आपल्याला ऑफिसातल्या खिडकीवर मिळतो आणि तोही 'एवढंही माहीत नाही?' अशा नजरेसकट.

सल्ला दिला समोरच्या टक्क्यांनी. टक्के हे काही त्यांचं आडनाव नव्हे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते जगातल्या सगळ्या गोष्टी टक्केवारीत सांगतात. त्यांचा जावई सत्तर टक्के चांगला आहे आणि गुडघा चाळीस टक्के बरा आहे. त्या दिवशी ते माझा पाना परत करायला आले (पान्यावरचा गंज वीस टक्के वाढला होता) आणि दारातच थबकले. आमचा विजेचा मीटर दारातच, बुटांच्या कपाटावर आहे. घरात येणाऱ्याला आधी मीटरवरचा शिलकीचा आकडा दिसतो आणि मग आम्ही.

"अजून प्रीपेड?" टक्के म्हणाले. मी घरात अजून कंदील लावतो असं कळल्यावर माणूस जसा चेहरा करेल तसा त्यांनी केला.

"मग? आधी पैसे, मग वीज. कोणाची उधारी नाही की बिलाची कटकट नाही."

"आणि दर पाहिलात का कधी? आधी पैसे भरणाऱ्याला सगळ्यांत महाग. खिडकीवर जाऊन बिल भरणाऱ्याला त्याहून कमी. आणि ज्याचे पैसे दर महिन्याला बँकेतून आपोआप कापले जातात त्याला सगळ्यांत स्वस्त. तीच तार, तीच वीज, पण तुम्ही माझ्यापेक्षा बारा टक्के जास्त मोजता."

हा घाव वर्मी बसला. मी वजनमापे खात्यात आहे. दुकानदारांचे काटे तपासणं आणि खरे असले तर त्यांवर शिक्का मारणं हे माझं काम. एखाद्या दुकानदाराने बारा टक्के माप मारलं असतं तर मी त्याचा काटा जप्त केला असता. इथे माझ्याच बुटांच्या कपाटावर बसून एक पेटी माझंच माप मारत होती आणि मी तिच्यावरची धूळ पुसत होतो.

आता इथे मला माझ्याबद्दल दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण घरचे चार बोलतात. मुलगी मला 'मेनस्विच' म्हणते. घरात कुठेही दिवा दिसला की माझ्या तोंडून "हा चालू का?" एवढे तीन शब्द निघतात. बायकोचं म्हणणं, मी उद्या यमाच्या दारात पोचलो आणि तिथे दिवा दिसला तर यमालाही हेच विचारेन. मी तिला म्हटलं, त्याला गरज नसेल तर विचारेनच. शिलकीचा आकडा डोळ्यांसमोर खाली उतरताना पाहिला की मी उठून आणखी एक दिवा बंद करून येतो. ज्यांचं बिल महिन्याने येतं त्यांना हे दुःख कळणार नाही.

पण बारा टक्क्यांचा मी एवढा ध्यास घेतला तो अण्णांमुळे. अण्णा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. जन्मभर त्यांनी रेडिओ दुरुस्त केले. स्वभावाने इतके गरीब की त्यांचा घरात आवाज म्हणून नाही. संध्याकाळी वर्तमानपत्र घेऊन जिन्याच्या वळणावर, इमारतीच्या सामायिक दिव्याखाली खुर्ची टाकून बसायचे. येणाऱ्याजाणाऱ्यांशी चार शब्द होतात, माणूस रमतो, असं मी सगळ्यांना कौतुकाने सांगत असे.

तर हेच अण्णा त्या आठवड्यात चहा पिताना म्हणाले, "महिनाअखेरीला धाकट्याकडे जावं म्हणतो. आता तिकडेच राहीन."

मी कप खाली ठेवला. "का? इथे काय कमी आहे?"

"कमी काही नाही रे. तिकडे उजेड चांगला आहे."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. धाकट्या भावाचं घर उंचावर आहे, खिडक्या मोठ्या आहेत, मान्य. पण बापाने थोरल्या मुलाला सोडून खिडकीकडे जावं? मला फार लागलं ते. अण्णा माझ्याकडेच राहिले पाहिजेत, त्या महिन्यात मला दुसरं काही नको होतं. मी उपायही ठरवला. खिडकी काही मला मोठी करता येणार नव्हती, पण पाय वर घेऊन बसता येईल अशी गुबगुबीत आरामखुर्ची त्यांना आणता आली असती. आणि तिचे पैसे निघणार होते त्या बारा टक्क्यांतून.

वीज ऑफिसातल्या खिडकीमागच्या बाईंना सर्दी झाली होती. त्यामुळे त्यांचा प्रत्येक नियम मला दोनदा ऐकावा लागला. बँकेतून पैसे कापून घ्यायचे तर मीटर बदलावा लागेल. महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत तो फुकट बदलून मिळेल, नंतर त्याचे पैसे पडतील. आणि जुना मीटर काढताना शिल्लक शून्य पाहिजे.

"शिल्लक परत मिळेल ना?"

"मिळत नाही."

"मग नव्या खात्यात जमा होईल?"

"होत नाही."

"मग तिचं काय होतं?"

बाईंना हे कोणी विचारलं नसावं. त्यांनी जरा विचार केला. "राहते."

"कुठे?"

"मीटरमध्ये."

"आणि मीटर?"

"तो आम्ही नेतो," असं म्हणून त्या शिंकल्या. "किती आहे शिल्लक?"

मी आकडा सांगितला. बाईंनी चष्मा काढला. गेल्या वर्षी दर वीस टक्के वाढणार, असं टक्क्यांनीच सांगितलं होतं, म्हणून मी जुन्या दराने मीटर गळ्यापर्यंत भरून ठेवला होता. दर वाढले नाहीत. आमच्या वापराने ती शिल्लक पुढचं वर्षभर पुरली असती, आणि आता ती शुक्रवारपर्यंत संपवायची होती.

"अहो, सोडून द्या ना ती," घरी आल्यावर बायको म्हणाली.

"सोडू? माझे पैसे? एक युनिट सोडणार नाही मी त्यांना."

"म्हणजे पैसे वाचवायला पैसे जाळायचे."

"जाळायचे नाहीत. उपभोग घ्यायचा."

"हा शब्द तुमच्या तोंडून लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकतेय मी."

मी उठलो आणि घरातले सगळे दिवे लावले. खोटं कशाला बोलू, दोन बटणं सवयीने बंद केली आणि परत लावली. मुलगी कॉलेजातून आली, उंबऱ्यातच उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "आई, बाबांना बरं नाहीये का?" इतक्या वर्षांत प्रथमच आम्ही आमची बैठकीची खोली नीट पाहिली. समोरच्या भिंतीचा रंग अर्धा पिवळा आणि अर्धा बदामी निघाला. रंगाऱ्याने आम्हाला फसवून इतकी वर्षं झाली होती आणि कळलं आत्ता. आता त्याला कुठे शोधायचं?

मग मी जिन्यात गेलो. "अण्णा, आत येऊन बसा."

"का रे? इथला दिवा जाणार आहे का?"

"नाही. आत लावलाय."

अण्णा दारापर्यंत आले, आत पाहिलं, मग मागे वळून टक्क्यांच्या दाराकडे पाहिलं. आपण चुकून दुसऱ्याच्या घरात तर शिरत नाही ना, याची त्यांनी खात्री करून घेतली.

सगळे दिवे जळत होते, पण मीटर ढिम्म. खरी अडचण अशी होती की माझ्या काटकसरीमुळे आमच्या घरात वीज खाणारी वस्तूच उरली नव्हती. ओव्हन मी घेऊ दिला नव्हता. हीटर माळ्यावर होता आणि माळ्यावर उंदीर होते. त्यांनी त्याच्या वायरीचा यथेच्छ उपभोग घेतला होता. रात्री जेवताना अण्णा चाचरत म्हणाले, "तुमची वीज संपवायचीच असेल तर... माझं सोल्डरिंगचं लावू का? थोडीच खातं."

"थोडीच?" मी निराश होऊन विचारलं. "त्याहून मोठं काही नाही?"

अण्णांनी पलंगाखालून त्यांची लाकडी पेटी ओढली. मला वाटत होतं, वयोमानाने त्यांचं मन त्या कामातून उडालं. पेटीत सगळ्यांत वर आईचा स्वयंपाकघरातला छोटा रेडिओ होता, मागचं झाकण काढलेला. आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी तो उघडला होता. म्हणजे तेव्हापासून तो तसाच होता. त्यांनी टेबलावर दोन दिवे ओढून घेतले, चष्म्यावर भिंग चढवलं आणि बघता बघता खोलीत शिशाचा तो लहानपणचा वास पसरला. मी त्या वासात उगाचच जरा वेळ उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी टक्क्यांनी ही बातमी इमारतभर केली. 'फुकट वीज' हे दोन शब्द ऐकल्यावर माणसाला जिना चढायला त्रास होत नाही. वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकू मोटर लावलेलं मशीन, भली मोठी इस्त्री आणि गिऱ्हाइकांच्या कपड्यांचा डोंगर घेऊन उतरल्या. टक्के दोन हीटर आणि पत्नीचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन आले आणि पेन्सिल कानाला लावून "सव्वीस टक्के गेले, सव्वीस!" असं ओरडू लागले. बायकोने बहिणीकडून ओव्हन आणला. तिला केक फार छान करता येतो. हे मला लग्नाआधी माहीत होतं, मधल्या काळात मी विसरलो होतो. केकच्या वासाने खालचेही वर आले. येताना कोणी बंद पडलेला मिक्सर आणला, कोणी मुका झालेला रेडिओ, आणि अण्णांच्या टेबलापुढे रांग लागली. अण्णा एकेकाला विचारत होते, "आवाज कधीपासून गेला?" अगदी डॉक्टरसारखं.

मग काकूंनी इस्त्री, टक्क्यांनी दुसरा हीटर आणि बायकोने ओव्हन एकाच वेळी लावला आणि ठाप्‌ असा आवाज होऊन सगळं अंधारलं. वायरमन आला. त्याने जळलेली तार बोटांत धरून आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "ही वायर तुम्हीच निवडली होती ना?" तो म्हणाला. जाड वायर घालून झाली तेव्हा आरामखुर्चीचे दोन पाय आणि एक हात खर्ची पडले होते.

तोपर्यंत वीज ऑफिसच्याही डोळ्यांवर आलो होतो आम्ही. वापर एकदम उसळला म्हणून तपासनीस दारात हजर. हातात तपासणीचं यंत्र, कपाळावर आठ्या. त्यांनी आत नजर टाकली. काकू इस्त्री करत होत्या, टेबलावर चार केक निवत होते, अण्णांच्या रांगेत पाच माणसं होती आणि टक्के भिंतीवर टक्केवारी लिहीत होते.

"घरगुती जोडणीवर धंदा चालवता?" तपासनीस म्हणाले. "व्यापारी दर लागेल. दुप्पट."

"धंदा?" माझा आवाज फाटला. "साहेब, मी सरकारी नोकर आहे! मी स्वतः लोकांचे काटे..."

"आमच्याकडे ही जागा बंद घर म्हणून आहे. इतकी वर्षं. मालक बाहेरगावी असावेत आणि फ्रिज तेवढा चालू राहिला असावा, असा आमचा अंदाज."

मी, बायको, मुलगी आणि वडील अशी चार माणसं इतकी वर्षं एका फ्रिजच्या हिशेबात राहत होतो. काकूंनी तोंडाला पदर लावला. टक्क्यांनीही हसू दाबलं, नव्वद टक्के.

मी काही बोलणार तेवढ्यात अण्णा खुर्चीतून म्हणाले, "धंदा नाही हो साहेब. घरच आहे. उजेड असला की माणसं येतात, दुसरं काही नाही. त्या यंत्राची वायर सुटत आलीय तुमच्या. द्या इकडे."

आणि ते यंत्र हातात घेऊन, भिंग डोळ्याला लावून त्यांनी त्यावर वाकून डाग दिला. टेबलावरच्या दिव्यांचा प्रकाश त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता. अण्णा हसत होते. हे असे हसतात हे मी विसरून गेलो होतो. शेजारी ठेवलेला आईचा रेडिओ मधेच खरखरला आणि त्यातून कोणीतरी बाई स्वच्छ आवाजात उद्याचं हवामान सांगू लागली. तिकडे उजेड चांगला आहे, हे अण्णांचं वाक्य तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. खिडकीचा काही संबंध नव्हता. जिन्यातल्या गप्पांचाही नव्हता. माझा बाप माझ्या घरात "हा चालू का?" ऐकायला लागू नये म्हणून इतकी वर्षं जिन्यात बसत होता. मला इतकं वाईट वाटलं की मी केक खाल्ला.

"पेटली का ट्यूब?" बायको माझ्या कानात म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं. तुम्हाला सांगायचं म्हटलं तरी तुम्ही आधी दिवा बंद करायचात."

तपासनिसांनी यंत्र घेतलं, केक घेतला आणि 'घरगुती' असं लिहून गेले.

शुक्रवारी सकाळी मी ऑफिसला निघालो तेव्हा शिल्लक तळाला आली होती. दुपारपर्यंत मीटर शून्यावर येणार होता आणि दुपारीच मीटर बसवणारा येणार होता. सगळं कसं काट्यावर. मी अर्धी रजा टाकून घरी आलो तर मीटरवाला बुटांच्या कपाटापुढे मान हलवत उभा. "शिल्लक आहे साहेब. नाही काढता येणार."

"कशी असेल?"

अण्णा पुढे आले. हातात मीटरमध्ये पैसे भरायचं कार्ड. "अरे, सकाळपासून टीं टीं करत होता. म्हटलं, शिल्लक संपली. तू ऑफिसात. काकूंचा मिक्सर उघडलेला, दिवे जातील म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून भरून आणलं मी. माझ्याच पैशांनी रे," ते घाईघाईने म्हणाले. "तुझे नाही वापरले."

एरवी मी काय बोललो असतो ते सांगवत नाही. त्या दिवशी मी नुसते पुन्हा सगळे दिवे लावले. बायकोने ओव्हन लावला, टक्क्यांनी हीटर, काकूंनी इस्त्री, आणि मीटरवाला म्हणाला, "मग मीही माझं ड्रिल चार्जिंगला लावतो." मग आम्ही सगळे बुटांच्या कपाटापुढे चहा पीत उभे राहिलो. आकडा शून्यावर आला तेव्हा टक्क्यांनी "शंभर!" अशी आरोळी ठोकली.

रविवारी धाकटा गाडी घेऊन आला. अण्णांची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. मी तिच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होतो. आरामखुर्ची काही आली नव्हती, येणारही नव्हती. अण्णा टेबलावरून उठलेच नाहीत.

"अण्णा, निघायचं ना?"

"कसा येऊ रे? हे तीन रेडिओ उघडून पडलेत. लोकांच्या वस्तू अशा अर्धवट टाकून निघायचं का?" त्यांनी मान वर केली. "ती बॅग तेवढी आत ने. येताजाता पायात येते."

धाकटा मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, काय केलंस तू?"

"काही नाही. दिवे लावले."

पुढच्या महिन्यात बँकेतून पैसे आपोआप कापले गेले आणि टक्क्यांनी हिशेब मांडला. दर बारा टक्के कमी. बिल एकशे चाळीस टक्के जास्त. "तुमची पद्धत बरोबर आहे," ते खेदाने म्हणाले, "वापर चुकतोय." बुटांच्या कपाटावर आता नवा मीटर आहे. त्याच्यावर शिलकीचा आकडा नाही. सुरुवातीला मी सवयीने त्याच्याकडे बघायचो. आता बूट काढताना बुटांकडेच बघतो.

परवा मात्र संध्याकाळी ऑफिसातून येताना रस्त्यावरून वर पाहिलं. आमची सगळी खिडक्या-दारं उजळलेली होती आणि अण्णांची खोली तेवढी काळीकुट्ट. दोन दोन पायऱ्या चढत वर गेलो, बुटांसकट त्यांच्या दारापर्यंत धावलो आणि जीव खाऊन ओरडलो, "हा बंद का?"

बायको पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. मुलीच्या हातातून मोबाइल पडला. समोरचं दार उघडून टक्के डोकावले.

"अरे, बल्ब गेला," आतल्या अंधारातून अण्णा म्हणाले. वर्तमानपत्राची घडी त्यांच्या काखेत होती. "उगाच नवा कशाला, म्हटलं. आज जिन्यात बसतो."

"बसा गुपचूप आत," मी म्हटलं आणि तसाच उलट्या पावली कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. मला पाहिल्याबरोबर दुकानदाराने जुन्या सवयीने कार्डासाठी हात पुढे केला.

"किती भरायचे?"

"बल्ब द्या."

"तुमचा नेहमीचाच ना? कमी खाणारा, मिणमिणता?"

"सगळ्यांत लख्ख कोणता आहे तो द्या," मी म्हणालो. "आणि दोन द्या. एक शिलकीत राहू दे."